इंजिनाचा श्वास
हेड आणि कॅमशाफ्ट यांची जोडी कशी जमते?

एक कोडे घालू या. 'मिनी कूपर' नावाची एक चिमुकली ब्रिटिश मोटार १९६१ साली बाजारात आली. तिचे इंजिन ९९७ घन सेंटिमीटरचे होते आणि त्याची जास्तीत जास्त शक्ती ५५ अश्वशक्ती होती. पुढे १९६४ साली याच मोटारीत नवे इंजिन बसवण्यात आले. ते होते ९९८ घन सेंटिमीटरचे आणि त्याची जास्तीत जास्त शक्ती होती... पुन्हा ५५ अश्वशक्तीच! आकारमानात फरक फक्त एका घन सेंटिमीटरचा, म्हणजे पाण्याच्या वीसेक थेंबांचा. शक्तीत तर काहीच फरक नाही. मग कारखान्याने एवढा खटाटोप कशासाठी केला असेल?

या कोड्याचे उत्तर इंजिनाच्या दोन भागांत दडलेले आहे. एक म्हणजे सिलिंडरवर झाकणासारखे बसणारे 'हेड' आणि दुसरा म्हणजे झडपांची उघडझाप करणारा 'कॅमशाफ्ट'. हे दोन भाग एकमेकांना साजेसे असतील तर छोटे इंजिनही मोठे काम करते. विजोड असतील तर दोन्ही भाग उत्तम असूनही इंजिन रडतखडत चालते. असे का होते ते पाहू.

इंजिन म्हणजे हवेचा पंप

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. १ ग्रॅम पेट्रोल पुरते जळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. १ लीटर पेट्रोलचे वजन साधारण ७४० ग्रॅम भरते, म्हणजे त्याला जवळजवळ ११ किलोग्रॅम हवा हवी. ११ किलोग्रॅम हवेचे आकारमान किती होईल? सुमारे ९,००० लीटर! उन्हाळ्यात गावात पाण्याचा टँकर येतो ना, तो जवळजवळ भरेल एवढी हवा एका लीटर पेट्रोलमागे इंजिनाला ओढून घ्यावी लागते.

जादा पेट्रोल आत सोडणे अवघड नाही. कार्ब्युरेटरचे छिद्र थोडे मोठे केले की झाले. अवघड आहे ती हवा आत आणणे. त्यातही एक गंमत आहे. पिस्टन हवा 'ओढतो' असे आपण म्हणतो खरे, पण तो फक्त जागा मोकळी करतो. त्या जागेत हवा ढकलण्याचे काम बाहेरचा वातावरणाचा दाब करतो. हा दाब ठरलेला आहे, तो आपल्या मर्जीने वाढत नाही.

आणि वेळ तर फारच थोडा! इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० फेरे झाले. एका फेऱ्यात पिस्टन एकदा खाली येतो आणि एकदा वर जातो, म्हणजे त्याच्या दोन धावा होतात. तेव्हा एका धावेला मिळाले सेकंदाचे फक्त ५ हजारांश. डोळ्याची पापणी लवायला निदान सेकंदाचा दहावा भाग लागतो. तेवढ्या वेळात आपले इंजिन प्रत्येक सिलिंडरमध्ये पाच वेळा श्वास घेऊन मोकळे होते. चार धावांपैकी शोषणाची धाव एकच, हे विसरू नका.

दार केवढे असावे?

हेडमध्ये हवेच्या वाटा असतात आणि प्रत्येक वाटेच्या तोंडाशी एक झडप असते. गॅरेजमध्ये तिला 'वॉल' म्हणतात. छत्रीसारख्या आकाराची ही झडप खाली सरकली की तिच्या कडेभोवतीच्या फटीतून हवा आत शिरते.

ही फट किती असावी याचे उत्तर आठवी-नववीची भूमिती देते. झडपेचा व्यास द मानू. वाटेचे क्षेत्रफळ साधारणपणे πद² ÷ ४ होईल. झडप उ एवढी खाली सरकली, तर तिच्याभोवतीची फट म्हणजे एका नळकांड्याची बाजू. तिचे क्षेत्रफळ π × द × उ. ही दोन्ही क्षेत्रफळे सारखी केली की उत्तर येते: उ = द ÷ ४. म्हणजे झडप आपल्या व्यासाच्या चौथ्या हिश्शाइतकी उचलली, की फट वाटेएवढी होते. त्याहून फार जास्त उचलून मोठासा लाभ नाही, कारण मग अडचण फटीची नसते, वाटेचीच असते. पाहा, झडप हेडमध्ये आहे आणि ती किती उचलायची ते कॅमशाफ्ट ठरवतो. जोडी जमवण्याची गरज इथूनच सुरू झाली!

मग झडपा आणि वाटा चांगल्या ऐसपैस का करू नयेत? पहिली अडचण जागेची. ज्या सिलिंडरचा व्यास ६३ मिलिमीटर आहे, त्याच्या डोक्यावर दोन झडपा बसवायच्या तर त्या किती मोठ्या करणार? दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. वाट रुंद केली की हवेचा वेग कमी होतो. ७०.६ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर आणि ६८.३ मिलिमीटरची धाव असलेले इंजिन घेऊ. ६,००० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साधारण १३.७ मीटर येतो. झडप २८ मिलिमीटरची असेल तर तिथून जाणाऱ्या हवेचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ८७ मीटर होतो. झडप ३५.६ मिलिमीटरची केली तर तो ५४ मीटरवर येतो. हवेला मोकळा श्वास मिळतो. पण हेच इंजिन १,५०० फेऱ्यांवर आणा. आता मोठ्या झडपेतून हवा सेकंदाला अवघ्या १३ मीटरने जाते. एवढ्या मंद हवेत पेट्रोलचे बारीक थेंब नीट तरंगत नाहीत, वाटेच्या भिंतींना चिकटतात आणि मिश्रण बिघडते. जे दार वरच्या वेगाला सोयीचे, तेच खालच्या वेगाला गैरसोयीचे ठरते.

दार किती वेळ उघडे ठेवावे?

आता कॅमशाफ्टकडे वळू. हा एक लांब दांडा असतो आणि त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. उंचवटा वर आला की तो झडप उघडतो, पुढे सरकला की स्प्रिंग ती झडप मिटवते. उंचवट्याची उंची झडपेची उचल ठरवते आणि त्याची रुंदी झडप किती वेळ उघडी राहील ते ठरवते.

पुस्तकात आपण वाचतो की पिस्टन खाली निघाला की शोषणाची झडप उघडते आणि तो तळाशी पोचला की मिटते. प्रत्यक्षात तसे केले तर इंजिन अर्धपोटी राहील. का, ते एखाद्या शेतकऱ्याला विचारा! पाटाचे पाणी वाफ्यात सोडताना जो दारे धरतो, त्याला ठाऊक असते की विहिरीवरचा पंप बंद झाला तरी पाटातले वाहते पाणी काही वेळ पुढे येतच राहते. तो दार लगेच बुजवत नाही. ते येणारे पाणी वाफ्यात घेतो. पण दार फारच उशिरा बुजवले तर भरलेल्या वाफ्यातले पाणी उलट पाटात येऊ लागते.

हवेचेही तसेच आहे. तिला वजन आहे, म्हणून जडत्वही आहे. पिस्टन तळाशी पोचून वर निघाला तरी वाटेतून वेगाने येणारी हवा क्षणभर आत घुसतच राहते. म्हणून झडप उशिरा मिटवतात. १९५९ सालच्या ८४८ घन सेंटिमीटरच्या पहिल्या मिनी मोटारीचे उदाहरण घ्या. तिची शोषण झडप पिस्टन वरच्या टोकाला पोचण्यापूर्वी ५ अंश उघडे आणि तो तळाला पोचल्यानंतर ४५ अंशांनी मिटे. ५ + १८० + ४५, म्हणजे क्रँकच्या २३० अंशांपर्यंत दार उघडे. १९६१ च्या मिनी कूपरमध्ये हेच आकडे १६ आणि ५६ होते, एकूण २५२ अंश. केवळ शर्यतीसाठी बनवलेल्या कॅमशाफ्टमध्ये दार ३०० अंशांपर्यंतही उघडे असते.

दार उशिरा मिटवण्याचा नफा फेरे जास्त असतानाच मिळतो, कारण तेव्हाच हवेला जोराचा वेग असतो. फेरे कमी असताना मात्र भरलेल्या वाफ्यासारखी गत होते. पिस्टन वर येताना आत आलेले मिश्रण पुन्हा बाहेर ढकलतो. हा तोटा मोजताही येतो. ८१ मिलिमीटरची धाव असलेल्या या जातीच्या इंजिनात झडप तळानंतर ४५ अंशांनी मिटली, तर पिस्टनच्या धावेचा ८९ टक्के भाग दाबण्यासाठी शिल्लक राहतो. ५६ अंशांनी मिटली तर ८३ टक्के आणि ७० अंशांनी मिटली तर ७३ टक्केच.

आता हेडकडे पुन्हा पाहा. समजा, हेडमधील ज्वलनकक्ष असा आहे की संपीडन प्रमाण ९ येते, म्हणजे ९ भाग मिश्रण दाबून १ भाग होते. कमी फेऱ्यांवर हे प्रमाण कागदावरच राहते. पहिल्या कॅमशाफ्टबरोबर ते खरोखर सुमारे ८.१ असते, दुसऱ्याबरोबर ७.६ आणि तिसऱ्याबरोबर ६.९! तिसरा कॅमशाफ्ट वापरून ८.१ हा आकडा टिकवायचा असेल, तर हेडचा तळ घासून ज्वलनकक्ष लहान करावा लागेल आणि कागदावरचे प्रमाण जवळजवळ १०.७ पर्यंत न्यावे लागेल. पण मग वरच्या फेऱ्यांना सिलिंडर गच्च भरतो, तेव्हा मिश्रण वेळेआधी पेटून इंजिन ठोके देऊ लागण्याचा धोका असतो. त्यासाठी पेट्रोलही वरच्या प्रतीचे हवे. एक खिळा ठोकला की दुसरा सैल होतो, असा हा मामला आहे.

दोन झडपा एकदम उघड्या

आणखी एक गोष्ट. जळलेला वायू बाहेर टाकणारी झडपही अशीच उशिरा मिटते. त्यामुळे काही क्षण शोषणाची आणि निष्कासाची अशा दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या असतात. पहिल्या मिनीत हा काळ १५ अंशांचा होता, १९६१ च्या कूपरमध्ये ३७ अंशांचा. वेगाने बाहेर जाणारा धूर आपल्यामागे ताज्या मिश्रणाला ओढून घेतो, हा त्याचा फायदा. पण इंजिन स्लोवर उभे असताना उलटे होते. धूरच शोषणाच्या वाटेत शिरतो आणि मिश्रण नासवतो. शर्यतीची मोटार उभी असताना थरथरते, फटफट करते, जणू आता बंद पडेल असे वाटते, ते यामुळेच. लोकांना तो आवाज जोरदार वाटतो, पण तो शक्तीचा आवाज नसून अपुऱ्या ज्वलनाचा आहे.

एका दारात दोघे

मिनीच्या इंजिनाचा जन्म १९५१ सालचा. ऑस्टिन ए-३० या साध्या कौटुंबिक मोटारीसाठी ते बनवले होते आणि तेव्हा ते ८०३ घन सेंटिमीटरचे होते. 'ए-मालिका' या नावाने ते ओळखले जाते. स्वस्ताई साधण्यासाठी त्याच्या हेडमध्ये एक काटकसर केली होती. सिलिंडर चार, पण शोषणाच्या वाटा दोनच! पहिला आणि दुसरा सिलिंडर एका वाटेने श्वास घेतात, तिसरा आणि चौथा दुसऱ्या वाटेने. याच घराण्यातले मोठे भावंड म्हणजे 'बी-मालिका' इंजिन. आपल्या ॲम्बॅसेडर मोटारीत कित्येक वर्षे जे १,४८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन असे, ते हेच. त्याच्याही हेडमध्ये चार सिलिंडरांना शोषणाच्या दोनच वाटा आहेत. जुनी ॲम्बॅसेडर कुठे दिसली तर बॉनेट उघडून पाहायला विसरू नका.

या काटकसरीची किंमत कॅमशाफ्ट निवडताना मोजावी लागते. या इंजिनात सिलिंडर १-३-४-२ या क्रमाने पेटतात. म्हणजे दुसऱ्या सिलिंडरने श्वास घेतला की लगेच १८० अंशांनी, त्याच वाटेतून, पहिला सिलिंडर श्वास घेऊ लागतो. झडप २३० अंश उघडी राहत असेल, तर २३० – १८० = ५० अंशांपर्यंत दोघेही एकाच वाटेतून ओढत असतात. झडप ३०० अंश उघडी राहिली तर ही ओढाताण १२० अंशांपर्यंत चालते. एका ताटात जेवणाऱ्या दोन भावांसारखे एकाचा घास दुसरा पळवतो. शर्यतीत नाव मिळवलेला कॅमशाफ्ट आहे म्हणून तो कोणत्याही हेडखाली घालून चालत नाही, तो यासाठी.

कोड्याचे उत्तर

आता आपण कोड्याकडे येऊ शकतो. जॉन कूपर हे शर्यतीच्या मोटारी बनवणारे गृहस्थ. त्यांच्या कंपनीने १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन वर्षे 'फॉर्म्युला वन'चे उत्पादकांचे अजिंक्यपद मिळवले होते. ॲलेक इसिगोनिस यांनी आखलेली छोटी मिनी पाहून तिला वेगवान करण्याची कल्पना कूपर यांनी कारखान्याच्या गळी उतरवली. १९६१ च्या ९९७ घन सेंटिमीटरच्या इंजिनात सिलिंडर अरुंद होता, व्यास ६२.४ मिलिमीटर, धाव लांब होती, ८१.३ मिलिमीटर. अरुंद सिलिंडरवर शोषणाची झडप बसवली सुमारे २९.४ मिलिमीटरची. दार लहान, म्हणून ते अधिक वेळ उघडे ठेवले, २५२ अंश. त्यातून ६,००० फेऱ्यांना ५५ अश्वशक्ती मिळाली. पण इंजिनाचा फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, सर्वांत जास्त मिळे तो ३,६०० फेऱ्यांना, सुमारे ७४ न्यूटन-मीटर.

१९६४ च्या इंजिनात व्यास ६४.६ मिलिमीटर केला आणि धाव ७६.२ मिलिमीटरपर्यंत आखूड केली. रुंद सिलिंडरवर नवे हेड आले, त्यात शोषणाची झडप सुमारे ३१ मिलिमीटरची होती. व्यासातला फरक दीड मिलिमीटरचा दिसतो, पण क्षेत्रफळ ११ टक्क्यांनी वाढले. झडपेची उचल होती ७.९ मिलिमीटर. आपल्या सूत्राने ३१ ÷ ४ किती येतात? ७.७५! उचल आणि व्यास यांचा मेळ बसलेला दिसतो ना?

आणि खरी गंमत पुढेच आहे. हेड चांगले झाल्यावर तज्ज्ञांनी कॅमशाफ्ट अधिक उग्र केला नाही. उलट शोषणाची झडप पुन्हा ५ आणि ४५ अंशांवर आणली, अगदी साध्या मिनीसारखी! दार मोठे झाले, तेव्हा ते फार वेळ उघडे ठेवण्याचे कारण उरले नाही. परिणाम काय झाला? ५५ अश्वशक्ती तर मिळालीच, तीही ५,८०० फेऱ्यांना. पण टॉर्क वाढून सुमारे ७७ न्यूटन-मीटर झाला आणि तो मिळू लागला ३,००० फेऱ्यांनाच. जुन्या इंजिनाचा सर्वांत जास्त टॉर्कच ७४ होता, म्हणजे ३,००० फेऱ्यांना तो त्याहूनही कमीच असणार. घाट चढताना, वळणातून बाहेर पडताना, बाजारातून हळू जाताना इंजिन ज्या फेऱ्यांवर असते, तिथे नवे इंजिन सरस ठरले. दोन्हींच्या माथ्यावरचा आकडा एकच होता, पण माथ्याकडे जाणारी वाट वेगळी होती.

घास मोठा नाही, घाई मोठी

याच घराण्यातील आणखी एक इंजिन पाहू. 'कूपर एस' ही मोटार १९६३ साली आली. तिच्या विकासात डाउन्टन इंजिनीअरिंग या छोट्या कार्यशाळेचे डॅनियल रिचमंड यांचा मोठा वाटा होता. हेडमधील ज्वलनकक्षाचा मूळ आराखडा हवेच्या प्रवाहाचा अभ्यास करणारे हॅरी वेस्लेक यांचा, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा. या बदामाचे टोक झडपांच्या मध्ये येते आणि मिश्रण घुसळले जाते, त्यामुळे ज्वलन चांगले होते. पण कक्षाची भिंत झडपेच्या कडेला खेटली की हवा अडते. कूपर एसमध्ये सिलिंडरचा व्यास ७०.६ मिलिमीटर केला, शोषणाची झडप सुमारे ३५.६ मिलिमीटरची झाली आणि अधिक फेऱ्यांचा ताण सोसावा म्हणून क्रँकही जास्त मजबूत घातला. १,०७१ घन सेंटिमीटरच्या या इंजिनाने ७० अश्वशक्ती दिली.

आता तीन इंजिनांची तुलना करू. दर लीटरमागे शक्ती किती ते काढा. साधी मिनी (३४ अश्वशक्ती) ४०, पहिली कूपर ५५, कूपर एस ६५. म्हणजे वाढ साठ टक्क्यांहून जास्त! आता दर लीटरमागे टॉर्क काढा. साध्या मिनीचा टॉर्क ६० न्यूटन-मीटर, म्हणजे लीटरमागे सुमारे ७०. पहिल्या कूपरचा ७४. कूपर एसचा ८४ न्यूटन-मीटर, म्हणजे लीटरमागे ७८. वाढ फक्त अकरा-बारा टक्के. हे कसे?

सायकलचा विचार करा. शक्ती म्हणजे पायडलवरचा जोर गुणिले पायडलचा वेग. जोर फारसा न वाढवताही पाय भराभर मारले तर शक्ती वाढते. इंजिनाचा टॉर्क म्हणजे प्रत्येक श्वासात घेतलेला घास. तो सिलिंडरच्या मापाबाहेर फारसा वाढत नाही, कारण बाहेरचा दाब ठरलेला आहे. चांगले हेड आणि साजेसा कॅमशाफ्ट एवढेच करतात की फेरे वाढले तरी घास लहान होऊ देत नाहीत. साध्या मिनीत सर्वांत मोठा घास २,९०० फेऱ्यांना मिळे, पहिल्या कूपरमध्ये ३,६०० ला आणि कूपर एसमध्ये ४,५०० ला. मोठ्या शक्तीचे रहस्य हे आहे.

कूपर एसची परीक्षा लवकरच झाली. १९६४ च्या माँटे कार्लो रॅलीत पॅडी हॉपकर्क आणि हेन्री लिडन यांनी १,०७१ घन सेंटिमीटरच्या कूपर एसमधून पहिला क्रमांक पटकावला. दुसरी आली ती आठ सिलिंडरांची दांडगी अमेरिकन फोर्ड फाल्कन. स्पर्धेच्या नियमांत छोट्या इंजिनांना काही सवलत होती हे खरे. पण बर्फाळ डोंगरी रस्त्यांवर हलकी मोटार आणि मोकळा श्वास घेणारे इंजिन यांची किंमत सर्वांना कळली. १९६५ आणि १९६७ सालीही ही रॅली मिनीनेच जिंकली.

दोन्ही हातांत लाडू?

कमी फेऱ्यांना सौम्य कॅम हवा आणि जास्त फेऱ्यांना उग्र, तर मग एकाच इंजिनात दोन्ही का ठेवू नयेत? होंडा कंपनीने १९८९ साली जपानमध्ये असेच इंजिन बाजारात आणले. त्यात एकाच कॅमशाफ्टवर दोन तऱ्हांचे उंचवटे असतात. फेरे वाढले की तेलाच्या दाबाने एक खुंटी सरकते आणि झडपा उग्र उंचवट्यांच्या हुकमतीखाली जातात. आज आपल्या रस्त्यांवरील बऱ्याच पेट्रोल मोटारींत कॅमशाफ्ट मागेपुढे फिरवून झडपांची वेळ बदलण्याची सोय असते. पण म्हणून हेडचे महत्त्व संपलेले नाही. दाराची वेळ चालता चालता बदलता येते, दाराची चौकट बदलता येत नाही.

एखादे इंजिन 'सुधारण्याचा' विचार करणाऱ्याने म्हणून पहिला प्रश्न विचारावा तो असा: हे इंजिन जास्तीत जास्त वेळ किती फेऱ्यांवर चालणार आहे? आधी त्या फेऱ्यांना साजेसे हेड हवे, मग त्या हेडला पुरेल एवढाच कॅमशाफ्ट, आणि मग दोहोंना जुळणारे संपीडन प्रमाण. कॅमशाफ्ट गरजेपुरता घ्यावा, हौसेपुरता नव्हे. जाहिरातीतील अश्वशक्तीचा एक आकडा पाहून इंजिनाची परीक्षा करू नये, हेही आपण दोन ५५ अश्वशक्तींच्या गोष्टीवरून शिकलो.

करून पाहा

सुई नसलेली, स्वच्छ, २० मिलिलीटरची नवी सिरिंज घ्या. तिचे तोंड पाण्यात बुडवून दांडा सावकाश ओढा. ती जवळजवळ पूर्ण भरेल. आता ती रिकामी करा, दांडा झटक्यात २० च्या खुणेपर्यंत ओढा आणि त्याच क्षणी तोंड पाण्याबाहेर काढा. किती मिलिलीटर पाणी आले? तिसऱ्या वेळी दांडा तसाच झटक्यात ओढा, पण तोंड एक-दोन सेकंद पाण्यातच राहू द्या. दांडा थांबला तरी पाणी आत येतच राहते! इथे मुख्य काम आतल्या कमी दाबाचे आहे, इंजिनात त्याला हवेच्या जडत्वाची जोड मिळते. पण दार उशिरा मिटवण्याचा नफा तुम्हाला डोळ्यांनी दिसेल.

आणि एक गणित. शक्ती (वॉट) = टॉर्क (न्यूटन-मीटर) × २π × दर सेकंदाचे फेरे; ७४६ वॉट म्हणजे १ अश्वशक्ती. १९६४ च्या मिनी कूपरची ३,००० फेऱ्यांवरील शक्ती काढा. उत्तर ३२ ते ३३ अश्वशक्तींच्या दरम्यान यायला हवे. नंतर याच इंजिनाचा ५,८०० फेऱ्यांवरचा टॉर्क ५५ अश्वशक्तीवरून उलट काढा. तो ७७ पेक्षा किती कमी झाला, आणि का, हे आता तुम्हाला वर्गात सांगता येईल.